गाण्याच्या क्लासातला टॅब्लेट आणि त्यावरच्या परवानग्या

टॅब्लेटच्या परीक्षणात स्क्रीन, बॅटरी आणि स्पीकर यांबद्दल भरपूर वाचायला मिळतं, म्हणून मी त्यातलं काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते अँड्रॉइड 14 मधल्या पर्मिशन मॅनेजरबद्दल. कुठल्या ॲपला माइक मिळणार, कुठल्याला कॅमेरा, फोटो, संपर्क किंवा लोकेशन मिळणार, हे जिथे ठरतं तो हा भाग. गाणं शिकवणाऱ्यासाठी टॅब्लेटमध्ये याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत झालंय. तो बनवलेलाही चांगला आहे. एक मोठी उणीव आहे, आणि ती नेमकी आम्हा गाणाऱ्यांनाच नडते.

पुण्यात कर्वेनगरला मी घरीच क्लास घेते. संध्याकाळी शाळकरी मुलं येतात, सकाळी नोकरीतून निवृत्त झालेल्या काही जणी. लग्न होऊन किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या जुन्या विद्यार्थिनी शनिवार-रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकतात. टॅब्लेट अकरा इंची, फक्त वायफायवर चालणारा, सिम नसलेला आहे. त्यावर तानपुरा, तबल्याचे ठेके, लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी छोटी धून), सूर तपासायचा ट्यूनर, रेकॉर्डर, व्हिडिओ कॉलचं ॲप, नोटेशनच्या पीडीएफ उघडणारं एक ॲप आणि फी-हजेरीची वही म्हणून एक ॲप आहे. कुठल्याही क्लासात साधारण एवढंच सापडेल.

पण त्याच टॅब्लेटवर मुलांचे आवाज आहेत. आठवीतल्या एका मुलाचा आवाज सध्या फुटतोय. तार सप्तकात जाताना तो मध्येच चिरकतो आणि त्याला अतिशय लाज वाटते. त्याचं मी दर महिन्याला रेकॉर्डिंग ठेवते, कारण आवाज कुठे स्थिरावतोय हे ऐकूनच कळतं आणि त्याप्रमाणे त्याची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून तो गातो तो सूर, बदलावी लागते. ते त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी आहे. माझ्या गुरूंनी समोर बसवून दिलेल्या काही बंदिशीही त्यात आहेत. ‘शिकव, पण वाटत सुटू नकोस’ असं त्यांनी सांगितलं होतं. या गोष्टी कुणाच्याही हाती लागू नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा विषय मी मुळापासून बघितला.

सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, त्यात प्रायव्हसी, त्यात पर्मिशन मॅनेजर. कंपनीनुसार एखादं पान इकडेतिकडे होतं, पण सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘पर्मिशन’ टाईप केलं की सापडतं. इथे जायचे दोन रस्ते आहेत. ॲपचं चिन्ह दाबून धरलं की ॲप इन्फोमधून त्या एका ॲपच्या परवानग्या दिसतात. पर्मिशन मॅनेजर उलटा आहे: तिथे आधी ‘मायक्रोफोन’ निवडायचा आणि मग तो कुणाकुणाकडे आहे ते बघायचं. मला हा दुसरा रस्ता खूपच आवडला. एकेक ॲप तपासताना आपण त्या ॲपच्या बाजूने विचार करतो, याला बिचाऱ्याला लागत असेल असं वाटतं. माइकची अख्खी यादी समोर आली की प्रश्न बदलतो. माझ्या खोलीतला आवाज इतक्या जणांना कशाला हवा?

माइकपासूनच सुरुवात करते, कारण आमच्या धंद्यात खरी मेख तिथेच आहे.

तानपुऱ्याच्या ॲपचं काम वाजण्याचं आहे, ऐकण्याचं नाही. त्याला माइक लागत नाही. काही तानपुरा ॲप्स गाणाऱ्याचा सूर ऐकून ‘तुमची पट्टी काळी चार’ (पेटीवरची चौथी काळी) असं सांगतात, त्या सोयीपुरता माइक मागणं योग्य आहे. पण पट्टी एकदा कळली की ती रोज बदलत नाही. अशा ॲपला मी ‘आस्क एव्हरी टाइम’वर ठेवलंय. नवी विद्यार्थिनी आली की ते विचारतं, मी ‘ओन्ली धिस टाइम’ दाबते, आणि ॲप बंद करून दुसऱ्या कामाला लागलं की थोड्या वेळात परवानगी आपोआप परत जाते. ही एका वेळेपुरती परवानगी 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून आहे. क्लाससाठी याहून चांगला पर्याय मला दिसत नाही.

ट्यूनरला माइक लागतोच, त्याबद्दल वाद नाही. रेकॉर्डरलाही. त्या दोघांना ‘अलाव ओन्ली व्हाइल यूजिंग द ॲप’. इथे एक शंका हमखास विचारली जाते: ‘फक्त वापरताना’ ठेवलं आणि स्क्रीन बंद झाली तर तासाचं रेकॉर्डिंग तुटेल का? तुटत नाही. रेकॉर्डिंग आपण ॲप उघडून सुरू केलेलं असतं आणि रेकॉर्डर वर नोटिफिकेशन दाखवत राहतो, म्हणून स्क्रीन काळी झाली तरी ते चालू राहतं. माइकसाठी ‘कायम चालू’ असा पर्यायच दिलेला नाही, आणि तो नाही हेच बरं आहे. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून मागे निपचित पडलेल्या ॲपला माइक मिळतही नाही. त्याआधीचा एखादा जुना टॅब्लेट क्लासात वापरत असाल तर तो तानपुरा वाजवण्यापुरता ठेवा, त्यावर मुलांचं रेकॉर्डिंग करू नका.

माइक चालू झाला की उजव्या कोपऱ्यात वर हिरवं चिन्ह येतं आणि मग त्याचा ठिपका होतो. स्क्रीनच्या वरच्या कडेची पट्टी खाली ओढून त्या ठिपक्यावर बोट टेकवलं की कोण ऐकतंय त्याचं नाव येतं. मुलांना मी हे दाखवून ठेवलंय. आता गाता गाता एखादी चिमुरडी सांगते, ‘ताई, ठिपका आलाय.’ तिला कळतं की आपलं रेकॉर्डिंग सुरू आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. मूल गात असताना त्याचा आवाज साठवला जातोय हे त्याला दिसलं पाहिजे.

याच पट्टीत माइक आणि कॅमेरा पूर्ण बंद करायची दोन बटणं आहेत, अँड्रॉइड 12 पासून. नसतील तर पेन्सिलीच्या चिन्हावर जाऊन ती वर आणून ठेवता येतात. माइकचं बटण बंद असलं की परवानगी असलेल्या ॲपलाही नुसती शांतता ऐकू येते. ट्यूनर उघडला तर काटा हलत नाही आणि माइक चालू करायचा का असं टॅब्लेट विचारतो. क्लास संपला की मी ते बटण बंद करते. घरात आम्ही काय बोलतो त्याचा टॅब्लेटशी काही संबंध नाही. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा ट्यूनर तसाही सुरापेक्षा ढोलच पकडतो. त्या दिवसांत बटण बहुतेक वेळ बंदच.

गाण्याच्या बऱ्याच शिक्षकांना पडणारा एक प्रश्न इथेच घेते, कारण त्यापायी लोक उगाच परवानग्या वाटत सुटतात. व्हिडिओ कॉलवर शिकवताना त्याच टॅब्लेटवरच्या रेकॉर्डरने तास रेकॉर्ड करायला गेलं की नंतर फाईल उघडल्यावर नुसती शांतता निघते. मग कुणी रेकॉर्डरला फाइल्स देतं, कुणी संपर्क देतं, कुणी सगळंच देतं. उपयोग होत नाही, कारण ती परवानगीची अडचणच नाही. कॉल चालू असताना माइक कॉलच्या ॲपलाच मिळतो आणि दुसऱ्या साध्या ॲपच्या वाट्याला शांतता येते, अशी अँड्रॉइडची रचना आहे. ट्यूनरचंही कॉलमध्ये तेच होतं. कॉलच्या ॲपमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर शेजारी फोन ठेवून त्यावर घ्यावं. समोरच्याला विचारून, अर्थातच.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती. माइकची यादी साफ केली की काम झालं असं वाटतं. तसं नाही. पर्मिशन मॅनेजरमध्ये थोडं खाली ‘म्युझिक अँड ऑडिओ’ नावाची वेगळी परवानगी आहे. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून फोटो-व्हिडिओ आणि ऑडिओ यांच्या परवानग्या वेगळ्या झाल्या, त्यातली ही एक. गाणी वाजवणारं एखादं ॲप ही मागतं आणि आपण देतो, कारण गाणी वाजवायला ती लागणारच. पण बहुतेक रेकॉर्डर आपल्या फाइल्स टॅब्लेटच्या सामाईक जागेत, ‘रेकॉर्डिंग्ज’ किंवा ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ठेवतात. ही परवानगी असलेल्या ॲपला तिथलं सगळं ऑडिओ वाचता येतं. म्हणजे ज्या ॲपला आपण माइक ठामपणे नाकारला, त्याला कालच्या तासाचं अख्खं रेकॉर्डिंग उघडता येतं. समोर बसून ऐकायची गरजच काय मग?

याहून मोठं दार म्हणजे ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’. ही परवानगी पर्मिशन मॅनेजरच्या यादीत सहज दिसत नाही. ती ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये, ॲप्सच्या पानाच्या तळाशी असते, आणि तिथे बरेच जण कधी जातच नाहीत. नोटेशनच्या पीडीएफ उघडणारं माझं ॲप तिथे चालू होतं. टॅब्लेटवरच्या सगळ्या पीडीएफची यादी आपोआप दाखवायची म्हणून त्याने ते मागितलेलं. पण त्या परवानगीत फक्त पीडीएफ येत नाहीत, सामाईक जागेतल्या रेकॉर्डिंगसकट सगळ्या फाइल्स येतात. मी ती काढली. आता पीडीएफ उघडताना फाइल निवडायची खिडकी येते, मी यमनचं पान निवडते आणि ॲपला तेवढंच पान मिळतं. या खिडकीतून उघडायला कुठलीच परवानगी लागत नाही. दोन टिचक्या जास्त पडतात, एवढंच.

रेकॉर्डिंगसाठी उपाय दोन आहेत. एक, ऑडिओची परवानगी मोजक्याच ॲप्सकडे ठेवायची. माझ्याकडे आता ती ठेक्यांच्या फाइल्स वाजवणाऱ्या एका प्लेअरकडे आहे, बाकी सगळ्यांची काढली. दोन, आपल्या स्वतःच्या खासगी जागेत फाइल्स ठेवणारा रेकॉर्डर घ्यायचा, कारण तिथपर्यंत दुसऱ्या ॲपचा हात पोचत नाही. मात्र असं ॲप काढून टाकलं की फाइल्सही साधारणपणे त्याच्याबरोबर जातात, तेव्हा आधी त्या दुसरीकडे घ्यायला हव्यात.

मी म्हटलं ती मोठी उणीव हीच. अँड्रॉइड 14 ने फोटोंसाठी एक फार चांगली सोय दिली: ॲपने फोटो मागितले तर सगळे न देता निवडक देता येतात. ऑडिओसाठी अशी निवड नाही. द्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. ठेक्यांच्या फाइल्स दे आणि मुलांची रेकॉर्डिंग सोड, असं मला सांगता येत नाही. फोटो खासगी असतो तसा आवाजही असतो. आवाज फुटणाऱ्या त्या मुलाला विचारलं तर तो आपला फोटो आनंदाने देईल, रेकॉर्डिंग देणार नाही.

कॅमेऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हिडिओ कॉलला लागतो, पीडीएफ स्कॅन करायला लागतो, बस्स. लोकेशनही तसंच. सिम नसलेल्या टॅब्लेटलाही आजूबाजूच्या वायफायवरून आपण कुठे आहोत याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, म्हणून तेही बंद. ब्लूटूथ स्पीकर जोडणारं एखादं ॲप लोकेशन मागत असेल तर त्यामागे कारण असू शकतं. अँड्रॉइड 11 पर्यंत ब्लूटूथची उपकरणं शोधायला लोकेशनच लागायचं. 12 पासून त्यासाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही वेगळी परवानगी आली. स्पीकर सेटिंग्जच्या ब्लूटूथ पानावरून जोडला तर त्या ॲपचीही गरज नाही.

संपर्कांवर मात्र थांबायला हवं. फी-हजेरीचं ॲप संपर्क मागत होतं आणि ‘नाही’ म्हटलं की पुढे सरकतच नव्हतं. नाव लिहीत नाही. पालकांचे नंबर आपोआप भरता यावेत म्हणून ते मागतं, असं त्यात लिहिलं होतं. पण संपर्क दिले की माझी अख्खी वही जाते: पालक, डॉक्टर, सोसायटीतले लोक, माझ्या गुरूंच्या घरचे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात याच्याशी जुळणारं एक उदाहरण आहे. डॉक्टरी सल्ला देणारं एक ॲप रुग्णाकडून उपचारासाठीच्या माहितीबरोबर फोनमधल्या संपर्कयादीचीही संमती घेतं. ती बाई दोन्हीला हो म्हणते. तरीसुद्धा तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. फी लिहून ठेवायला तरी ती कुठे लागते? त्याच कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितलीय. मी ते ॲप काढलं आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये हजेरी घेते. एका आईने विचारलं, ‘ताई, ॲपवरून फीचा मेसेज यायचा, तो आता येत नाही का?’ मी त्यांना कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग वहीत लिहा, पण मुलीचा नंबर कुठे देऊ नका.’

आता डॅशबोर्ड. पर्मिशन मॅनेजरशेजारीच प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे, अँड्रॉइड 12 पासून. गेल्या 24 तासांत माइक, कॅमेरा, लोकेशन कुणी आणि किती वाजता वापरलं याची वेळेनुसार नोंद तिथे असते. माझ्या टॅब्लेटवर ती 7 दिवसांपर्यंत मागे नेता येते. मी रविवारी रात्री ती माझ्या वेळापत्रकाशी ताडून बघते. सहा ते सात रेकॉर्डर, बरोबर. शनिवारी सकाळी कॉलचं ॲप, बरोबर. एकदा दुपारी, घरात कुणी गात नसताना, माइकची नोंद दिसली. कीबोर्डवर बोलून टाईप केलं होतं, त्याची होती ती. अशी प्रत्येक नोंदीची ओळख पटली की मन निवांत होतं. ओळख पटली नाही तर त्या नोंदीवर टेकवून तिथूनच परवानगी काढता येते.

याच बाबतीत आयपॅड एक पाऊल पुढे आहे हे मान्य करायला हवं. माझी एक मैत्रीण एरंडवण्यात सतार शिकवते, तिच्या आयपॅडवर मी ॲप प्रायव्हसी रिपोर्ट बघितला. कुठलं ॲप इंटरनेटवर कुठल्या ठिकाणांशी बोलतंय तेही त्यात दिसतं. अँड्रॉइडच्या डॅशबोर्डमध्ये ते नाही. इंटरनेटची परवानगी तर अँड्रॉइड विचारतच नाही, ती ॲपला आपोआप मिळते. तानपुऱ्याला नेट कशाला, हा माझा प्रश्न तसाच राहतो. रियाजाच्या वेळी मी वायफाय बंद करते, त्याने जाहिरातीही थांबतात. संपर्कांच्या बाबतीतही आयपॅडओएस 18 मध्ये निवडक संपर्क देता येतात. ते अँड्रॉइड 14 वर असतं तर त्या हजेरीच्या ॲपचा प्रश्न चटकन सुटला असता.

न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काही महिन्यांनी आपोआप काढल्या जातात, हे मात्र अँड्रॉइडचं फार चांगलं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात आणि काही ॲप्स आम्ही फक्त त्याच हंगामात उघडतो. मधल्या काळात ती गप्प पडून असतात, त्यांच्याकडची परवानगीही निघून जाते. पुढच्या वेळी उघडलं की पुन्हा विचारतात. मुलांचे पालक कधीकधी म्हणतात की ॲप बिघडलं. बिघडलेलं नसतं, पुन्हा ‘हो’ म्हणायचं असतं.

नवा टॅब्लेट घ्यायला तपकीर गल्लीत किंवा लक्ष्मी रोडला गेलात तर दुकानदाराला अँड्रॉइडची आवृत्ती दाखवायला सांगा: सेटिंग्ज, अबाउट टॅब्लेट. स्वस्तातल्या टॅब्लेटवर जुनी आवृत्ती असू शकते. क्लासासाठी घेत असाल तर 13 च्या खाली घेऊ नका, कारण ऑडिओची परवानगी तिथूनच वेगळी झाली. 14 मिळालं तर निवडक फोटोही आले. पुढे किती वर्षं अपडेट मिळणार हेही विचारा. माइक आणि कॅमेऱ्याची बटणं पट्टीत येतात का, हे दुकानातच उघडून बघा. त्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा त्या दिवशी देईन, ज्या दिवशी फोटोंसारखी एकेक ऑडिओ फाइल निवडून देता येईल.